घरच्या सर्व्हरसाठी तेवीस दिवस

घरी गेमचा सर्व्हर लावायचा असेल, राउटरच्या पानावर १००.७२ ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल आणि ‘माझा आयपी’ शोधल्यावर भलताच येत असेल, तर पुढचं काहीही करू नका. आधी इंटरनेटवाल्याला गाठा. मला हे कोणी सांगितलं नाही आणि माझे तेवीस दिवस गेले.

खेळ टीम फोर्ट्रेस २, ऑनलाइन गोळीबाराचा. २०११ साली तो फुकट झाला तेव्हा आम्ही नाशिकचे पाचसहा जण मुंबईच्या एका दादाने चालवलेल्या सर्व्हरवर पडीक असायचो. रात्री दहाला तीच ओळखीची नावं, माइकवर मराठी, कोणी चीटिंग केली की दादा लगेच बाहेर काढायचा. जानेवारी २०१४ मध्ये ‘क्विकप्ले’चं, म्हणजे झटपट खेळात शिरायचं बटण आपोआप खेळ बनवणाऱ्या कंपनीच्याच सर्व्हरकडे न्यायला लागलं. खेळाडूंचे सर्व्हर हवे असतील तर पर्याय आपण बदलायचा, आणि नवा माणूस तो कशाला बदलतोय? जुलै २०१६ मध्ये क्विकप्लेही गेलं, कॅज्युअल मॅचमेकिंग आलं, म्हणजे कोणाशी कुठे खेळायचं ते खेळच ठरवणार. सर्व्हरची यादी आजही खेळात आहे, पण ती उघडून बघणारे आम्ही जुनेच उरलो. दादाने वर्षभर खिशातून भाडं भरलं आणि मग सर्व्हर बंद केला. ते मला अजून लागतं. म्हणून या वर्षी ठरवलं, घरच्या जुन्या पीसीवर आपला सर्व्हर लावायचा.

लावणं एका संध्याकाळी झालं. स्टीमसीएमडी (हा खेळ ज्या स्टीमवर मिळतो, तिथून सर्व्हर उतरवायचा प्रोग्राम), अनॉनिमस लॉगिन, सर्व्हरचा २३२२५० नंबर, बास. राउटरमध्ये २७०१५ चा यूडीपी पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडला. पुण्याच्या मित्राने जोडून बघितलं, तर ‘कनेक्शन फेल्ड आफ्टर ४ रिट्राइज’. रात्रभर तेच.

कस्टमर केअरला फोन केला. राउटर बंद करून चालू करा. केला. तिसऱ्या फोनला म्हणाले, माणूस पाठवतो. माणूस आला, वायर बघितली, स्पीड मोजला, “सर, शंभर येतोय, छान आहे” म्हणून सही घेऊन गेला. तक्रार ‘निवारण झाली’! मी पुन्हा नोंदवली, पुन्हा निवारण झालं. असं चार वेळा.

शेवटी ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, “सीसीटीव्ही लावायचाय का?” मी म्हटलं, गेमचा सर्व्हर. “गेम तर चालतोय ना तुमचा?” खेळणं आणि खेळायला बोलावणं यातला फरक मी त्याला कागदावर काढून दाखवला. पत्ते कमी म्हणून इंटरनेटवाले शेकडो घरांना एकाच पत्त्यामागे ठेवतात, याला सीजीनॅट म्हणतात. बाहेरून आलेलं पॅकेट कुणाच्या घरी द्यायचं हे तिथे कळतच नाही, मग मी माझ्या राउटरचं दार कितीही उघडं ठेवलं तरी काय उपयोग? त्याने ऐकून घेतलं आणि सांगितलं, स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतःचा पत्ता, फक्त बिझनेस कनेक्शनला. मग दुसऱ्याने सांगितलं, घरगुतीलाही मिळतो, अर्ज द्या. अर्ज दिला, आधारची झेरॉक्स दिली. आठ दिवसांनी अर्ज सापडेना. पुन्हा दिला. या वेळी पोच घेतली. तुम्ही पहिल्याच दिवशी घ्या.

हो, टोकनचं राहिलं, म्हणजे स्टीमला आपल्या सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या कोडचं. स्टीमच्या गेम सर्व्हर अकाउंटच्या पानावर ॲप नंबर खेळाचा टाकायचा, म्हणजे ४४०, सर्व्हरचा २३२२५० नाही. खात्याला फोन नंबर जोडलेला हवा आणि खातं ‘लिमिटेड’ नको, म्हणजे त्यावर किमान पाच डॉलरची खरेदी झालेली हवी.

ती पोच हातात घेऊन वाट बघत असताना एक सोय सापडली, आणि ती स्टीमचीच. सर्व्हर सुरू करताना -enablefakeip सोडून दुसरं काहीच नको. म्हणजे ‘इनेबल फेक आयपी’ हा एवढा एकच पर्याय जोडायचा. मग रहदारी स्टीमच्या रिलेमधून, म्हणजे त्यांच्या मधल्या सर्व्हरमधून जाते, सर्व्हरला १६९.२५४ चा पत्ता मिळतो आणि सीजीनॅट आड येत नाही. अडचण एकच, सर्व्हर पुन्हा चालू केला की पत्ता बदलतो. दर वेळी ग्रुपवर नवा टाकावा लागायचा. तरी पहिल्या शनिवारी नऊ जण आले.

तेविसाव्या दिवशी स्टॅटिक आयपी मिळाला, महिना दोनशे रुपये. तो मी सगळ्यात आधी दादाला पाठवला. तो रात्री सव्वादहाला आला, माइक चालू केला आणि खेळातल्या नकाशाचं नाव घेत म्हणाला, “टूफोर्ट लाव रे.”