स्टेशनचं नाव ‘दुबई मॉल’, म्हणून फसू नका

दुबईच्या मेट्रोत ‘बुर्ज खलिफा / दुबई मॉल’ नावाचं स्टेशन आहे. त्या नावावर विसंबून आम्ही चौघं (मी, नवरा, सातवीतली लेक आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई) संध्याकाळी ४.२५ ला तिथे उतरलो. बुर्ज खलिफाच्या १२४ व्या मजल्यावर जायची आमची वेळ ५ ची. डिसेंबरात तिथे साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि त्या वेळेची तिकिटं बाकीच्या वेळांपेक्षा चांगलीच महाग असतात. हौसेने तीच काढली होती. वर पोहोचलो तेव्हा सहाला पाच कमी होते आणि बाहेर काळोख.

स्टेशन आणि मॉल यांच्या मध्ये काचेचा एक बंद पूल आहे, साधारण ८२० मीटर लांब. एसी आहे, सरकते पट्टे आहेत, तक्रार त्याबद्दल नाही. पण पट्टे सलग नाहीत. एक संपतो, थोडं चालायचं, मग दुसरा, मग वळण, मग तिसरा. आई प्रत्येक पट्ट्यापाशी थांबायच्या, डाव्या हाताने निऱ्या वर धरायच्या, मनात काहीतरी मोजायच्या आणि मग एकदम पाऊल टाकायच्या. तोवर मागे ट्रॉलीबॅगा आणि बाबागाड्या घेतलेली पन्नास माणसं तुंबलेली. ‘जाऊ दे गं त्यांना पुढे,’ असं म्हणत त्यांनी सहा वेळा अख्खी दुबई पुढे जाऊ दिली. शॉपिंग फेस्टिव्हलचा शनिवार होता, म्हणजे गर्दीला तोटा नाही.

पूल संपला की मॉल सुरू होतो, बुर्ज खलिफा नाही. पूल उघडतो मॉलच्या वरच्या अंगाला आणि टॉवरचं प्रवेशद्वार आहे पार खाली, लोअर ग्राउंडवर. पुन्हा सरकते जिने, पुन्हा चालणं, मग सुरक्षा तपासणीची रांग, मग लिफ्टची रांग. आमच्या टूरवाल्याने ‘मेट्रो थेट मॉलमध्येच सोडते हो’ असं छातीठोक सांगितलं होतं. त्याला गुडघे असलेले प्रवासी बहुधा माहीत नसावेत. त्याचं चुकलंच, पण नकाशावर बोट ठेवून अंतर न बघता निघालो, ते आमचं चुकलं.

तेव्हा ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर टॅक्सी करा आणि ‘बुर्ज खलिफाच्या तिकीट काउंटरजवळ सोडा’ असं स्पष्ट सांगा. दुसऱ्या दिवशी कारंजी बघायला आम्ही बर दुबईहून तशीच गेलो, चौघांचे मिळून ३१ दिरहम झाले. वाटेत टोल लागला तर तो मीटरच्या वर येतो, ड्रायव्हर फसवतोय असं समजून भांडू नका. बुर्जची वेळ पाचची असेल तर मॉलमध्ये चारला पाय ठेवा. आणि सूर्यास्ताच्या तिकिटाचा मोह धरूच नका. ८२८ मीटरची इमारत सकाळीही तेवढीच उंच असते, तिकीट स्वस्त आणि रांग कमी.

मेट्रो एरवी उत्तम. प्रत्येकाला वेगळं नोल कार्ड (भाड्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं कार्ड) लागतं. साधं चंदेरी कार्ड २५ दिरहमचं, त्यात १९ वापरायला मिळतात. बायका-मुलांच्या डब्यात चुकून पुरुष चढला तर १०० दिरहम दंड, आणि गाडीत चिवड्याचा डबा उघडलात तरीही दंड. चिवड्यावरून आठवलं: खसखशीला तिथे बंदी आहे. आईंनी दुबईच्या नातेवाइकांसाठी केलेले अनारसे निघायच्या आदल्या रात्री शेजारी देऊन टाकावे लागले. तो विषय अजून घरात निघतो.

आता सोनं. फेस्टिव्हल १९९६ पासून भरतो आणि आपल्याकडच्या निम्म्या लोकांना तो सोन्यासाठीच ठाऊक आहे. आईंना पाटल्या करायच्या होत्या. तिथे पंधरा वर्षं राहणारे नात्यातले एक गृहस्थ म्हणाले, ‘बाईमाणसाला ४० ग्रॅम माफ असतात, बिनधास्त घ्या.’ त्यांना असतात! ती सवलत परदेशात वर्षाहून जास्त राहून परतणाऱ्यांसाठी आहे, सहा दिवस फिरून येणाऱ्यांसाठी नाही. नशिबाने आदल्या रात्री नवऱ्याने नियम वाचून काढले. शिवाय २०२४ साली आपल्याकडचं सोन्यावरचं आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं तेव्हाच दुबईच्या सोन्यातली निम्मी गंमत गेली. तरी घ्यायचंच असेल तर दर फळ्यावर लिहिलेला असतो, त्यात घासाघीस होत नाही. घासाघीस घडणावळीत करा. आम्हाला सांगितलेली घडणावळ तिसऱ्या दुकानात जवळपास अर्ध्यावर आली, म्हणजे पहिल्या दुकानदाराने आम्हाला काय समजलं होतं ते कळलं. बिलावर ५ टक्के व्हॅट असतो. २५० दिरहमच्या वरच्या खरेदीवर तो पर्यटकांना बराचसा परत मिळतो, पण दुकानातच पासपोर्ट दाखवून नोंद करायची आणि विमानतळावर बॅग चेक-इन करण्याआधी शिक्कामोर्तब करून घ्यायचं. बॅग गेली की पैसे गेले.

बाकी सेलबद्दल एकच सांगते: कपडे गेल्या मोसमातले, मोबाईल आपल्याकडच्याच भावात. किमतीला २५ ने गुणायची सवय ठेवली की हात आपोआप आखडतो. खजूर आणि अत्तर घ्या, देरा या जुन्या बाजारभागातून घ्या.

ग्लोबल व्हिलेज, म्हणजे देशोदेशीच्या दालनांची मोठी जत्रा, लेकीला सगळ्यात आवडलं. तिथे मेट्रो नाही, बस किंवा टॅक्सी. उघडतं संध्याकाळी चारला. परतीच्या टॅक्सीची रांग टाळायची तर दहाच्या आत निघा. वाळवंटातली सफारी ठीक झाली, आधी पोटभर जेवू नका एवढंच. खाडी ओलांडायची अब्रा, म्हणजे छोटी होडी, एका दिरहमची, आणि आई अख्ख्या सहलीत खऱ्या खूश झाल्या त्या तिथे, लाकडी फळीवर बसून. चालावं लागलं नाही ना! हॉटेलात मात्र निघताना ‘टुरिझम दिरहम’ नावाचा कर खोलीमागे दर रात्रीचा वेगळा भरावा लागतो. पॅकेजमध्ये तो धरलाय का, ते पुण्यातच विचारा. आमच्यात नव्हता.

पाटल्या आईंनी शेवटी लक्ष्मी रोडवर केल्या. चार नोल कार्डांत मिळून २२ दिरहम उरलेत आणि कार्ड पाच वर्षं चालतं. कुणी जाणार असाल तर खुशाल घेऊन जा, फक्त त्या स्टेशनला उतरू नका.