एका ओसरीवरच्या दोन जावा

कोल्हापुरात माणसाला "काय करता?" विचारलं की तो जागा सांगतो. "शिरोलीला जातोय." "गोकुळला आहे." "कारखान्यावर असतोय." नवख्या सर्वेक्षकाला वाटतं, मिळालं उत्तर. पण शिरोलीला म्हणजे फौंड्रीत असं धरलं, तरी मोल्डिंग करणारा, भट्टीवरचा, कास्टिंग घासणारा आणि गेटवर बसणारा हे चौघे वेगळे. उद्योगाचा कोड चौघांचा एक, व्यवसायाचे कोड चार. आणि सात-बाऱ्यावर ज्याचं नाव, तो काहीही करत असला तरी शेतकरीच. बँकेतून रिटायर झालेल्या एका गृहस्थांनी मला ठणकावून "लिहा शेती" सांगितलं होतं. शेत कसणारा वाटेकरी तेव्हा मागं गोठ्यात धारा काढत होता.

मी रोजगाराच्या पाहणीवर काम करते. पाहणी एका खासगी संस्थेची आहे, पण व्याख्या आणि कोड सगळे सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणातले, म्हणजे पीएलएफएसचेच वापरतो. प्रत्येक माणसाचे तीन आकडे काढायचे असतात. पहिला दोन अंकी: तो कोणत्या नात्यानं काम करतो. स्वतःचा धंदा असेल तर ११, पगारी माणसं ठेवून धंदा करत असेल तर १२, घरच्या धंद्यात बिनपगारी हातभार लावत असेल तर २१, पगारी नोकरी ३१, रोजंदारी ५१, फक्त घरकाम ९२. दुसरा पाच अंकी, उद्योगाचा. तिसरा तीन अंकी, व्यवसायाचा. टॅबवर बोट लावलं की यादी उघडते, आणि खरी मेहनत बोट लावायच्या आधी असते, हे ऑफिसात बसणाऱ्यांना कधी पटत नाही.

गेल्या श्रावणात सुभाषनगरच्या बाजूला आमचा एक भाग निघाला. चपला करणाऱ्यांची वस्ती. पाऊस असा की टॅबला प्लॅस्टिकची पिशवी बांधून फिरत होते. यादीत एकाच घराचे दोन नंबर होते, कारण भाऊ वेगळे झालेत. आमच्याकडं छप्पर मोजत नाहीत, चूल मोजतात. चुली दोन तर कुटुंबं दोन. धाकट्याचं कुटुंब माझ्या सहकाऱ्यानं आदल्या दिवशी उरकलेलं होतं, थोरल्याचं माझ्याकडं आलं.

थोरले ओसरीवर तळ कापत बसलेले. हातात रापी, शेजारी आरी, पाण्यात भिजवून काढलेलं कातडं. त्यांनी रापी खाली न ठेवता उत्तरं दिली. "माझं लिवा चप्पल. पोरगं लेदरच्या बिझनेसमधी. मिसेस घरकाम." पोरगा आतून म्हणाला, "मॅनेजर लिहा." पोरगा ऑर्डरी फोनवर घेतो, पार्सल बांधतो, आणि चपलेचे कानही शिवतो. बापाच्या धंद्यात बिनपगारी, म्हणजे २१. त्याला ते आवडलं नसतं, म्हणून सांगितलं नाही.

मिसेस त्याच ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. कातड्याच्या बारीक वाद्यांचं, म्हणजे दोरीसारख्या पट्ट्यांचं, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं आणि बोटं चाललेली. कोल्हापुरी चपलेवर जी वेणी असते ना, ती. वाद्या सारख्या रुंदीच्या नसल्या तर वेणी एका बाजूला ओढते, आणि वेणी ओढली की गिऱ्हाईक जोड हातात घेऊन परत ठेवतं. त्या बघतही नव्हत्या. बोटांनाच वादी कळत होती. आणि रापी चालवत नवरा सांगत होता, घरकाम.

"काकू, तुम्ही काय करता?"

"मी काय करतो, घरातच असतो की वो."

या उत्तरावर ९२ टाकून पुढं जाणारे पुष्कळ आहेत. नियमात मात्र कुठंही लिहिलेलं नाही की माणसानं स्वतःच्या कामाला काम म्हटलं तरच ते काम. म्हणून मी हा प्रश्न एकदाच विचारते, आणि मग सोडून देते. त्याऐवजी विचारते, काल जेवणं झाल्यावर काय केलंत? परवा? बाजाराच्या दिवशी? गेल्या सात दिवसांतला एकेक दिवस आणि त्याचे तास लिहायचेच असतात, तेव्हा हा रस्ता फॉर्मानंच दिलेला आहे, फक्त चालायला वेळ लागतो.

काकूंचा हिशेब निघायला लागला. पावसाळ्यात चपलेला मागणी नसते. चार महिने काम मंद. बाकीचे आठ महिने, भाकऱ्या-भांडी उरकली की संध्याकाळपर्यंत वेण्या. घरच्या जोडांच्या तर घालतातच, शिवाय पलीकडच्या गल्लीतला एक कारखानदार वाद्या देऊन जातो, त्याला जोडामागं पैशांनी वेण्या घालून देतात. "किती पैसे?" म्हटल्यावर त्यांनी आधी नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्याची रापी थांबली. ही दुसऱ्याची वेणी त्यांना माहीत होती. पैसे किती ते माहीत नसावं.

आता नियम बघा. नवऱ्याच्या धंद्यात बिनपगारी राबते ते २१. बाहेरचा माल घरी आणून जोडामागं करते ते ११, कारण घरबसल्या नगावर काम करणारा आमच्या व्याख्येत स्वयंरोजगारी धरतात. वर्षातला जास्त वेळ कशात गेला त्यावर मुख्य कोड ठरतो. दुसरं काम वर्षात निदान तीस दिवस भरलं तर तेही जोडकाम म्हणून लिहायचं. त्यांचं मुख्य २१, जोड ११. उद्योग १५२०१, चामड्याची पादत्राणं. आणि आठवड्याचं म्हणाल, तर सात दिवसांत एका दिवशी एक तास काम केलं तरी त्या आठवड्यापुरता माणूस कामावर. भर पावसात बुधवारी त्यांनी दोन जोडांच्या वेण्या घातल्या होत्या. बसल्या त्या कामकरणाऱ्यांत.

कमाईच्या रकान्यात गोची आहेच. २१ वाल्याला कमाई विचारतच नाहीत, ती धंदा चालवणाऱ्याच्या नावावर जमा. त्यामुळं घरच्या जोडांच्या वेण्या थोरल्यांच्या उत्पन्नात गेल्या.

एवढं होतं तोवर धाकटी जाऊ बाहेर आली, काकूंच्या शेजारी बसली, आणि वाद्यांच्या त्याच गठ्ठ्यातून वाद्या ओढून वेणी घालायला लागली. मी विचारलं, "ताई, काल आमचा माणूस आला होता ना तुमच्याकडं?" "व्हय. ह्यांनीच सांगितलं सगळं. मी चहा केला."

टॅबमध्ये बघितलं. धाकटी जाऊ: ९२.

माझ्या सहकाऱ्याला नावं ठेवायची नाहीत. नकाशा आणि घरांची यादी त्याच्यासारखी चोख कुणाची होत नाही, आणि कुत्री असलेल्या गल्ल्या तो न कुरकुरता घेतो. पण तो वेळेत घरं संपवणारा गडी. घरातला पुरुष सगळ्यांचं सांगतो, हा लिहून घेतो. आमच्या सरांनाही तेच हवं असतं. त्यांच्या तक्त्यात घरं मोजली जातात, विचारलेले प्रश्न नाहीत. मी फोन केला तर म्हणाले, "त्याचा फॉर्म लॉक झालाय. आणि तू एका घरात एवढा वेळ काय करतेस?"

म्हणजे एका ओसरीवर, एका गठ्ठ्यातून, एकच वेणी घालणाऱ्या दोन जावा. आमच्या आकडेवारीत एक कामगार आणि दुसरी श्रमशक्तीच्या बाहेर. आणि नमुन्यातलं प्रत्येक घर न गेलेल्या कितीतरी घरांच्या वतीनं बोलतं. गुणक लावला की धाकटीबरोबर तिच्यासारख्या बायकांचा जथाच्या जथा कामाबाहेर जातो.

देशपातळीवर पीएलएफएसमध्ये १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमसहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण, २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. त्यावर वाद चालू असतात: बायका खरंच कामाला लागल्या, की नाइलाजानं घरच्या धंद्यात ओढल्या गेल्या, की आधी मोजल्याच जात नव्हत्या. वाद घालणारे हुशार आहेत, मी त्यांचं वाचते. पण या तिसऱ्या शक्यतेत चहा करायला आत गेलेल्या बाईचा हिस्सा किती, ते त्यांच्या कुठल्याच तक्त्यात दिसायची सोय नाही.

व्यवसायाच्या कोडबद्दल माझी वेगळी तक्रार आहे. राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणाच्या २००४ च्या पुस्तकात चामडं आणि पादत्राणांच्या कारागिरांना तीन अंकांत स्वतःचं घर होतं, ७४४. २०१५ च्या पुस्तकात ते ७५३ मध्ये गेले, शिंप्यांबरोबर. चौथा अंक घेतला तर वेगळे निघतात, पण आम्ही तीनवर थांबतो. उद्योगाच्या कोडशी जोडून बघितलं तर सापडतील, हे खरं. मात्र 'कुठल्या व्यवसायात किती लोक' हा साधा तक्ता जो बघेल, त्याला महाराष्ट्रात चप्पल करणारा माणूस दिसणार नाही. याच चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर कोल्हापूरचं नाव न घेता तसल्याच चपला दिसल्या तेव्हा अख्खं कोल्हापूर पेटलं होतं, ज्यांनी जन्मात कोल्हापुरी घातली नाही तेसुद्धा. मानांकन कुणाचं, श्रेय कुणाचं, यावर चर्चा झाल्या. वेणी कोण घालतं हे कुणी विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

निघताना थोरल्यांनी विचारलं, "काय लिवलं मग हिचं?" मी म्हटलं, "चपलेच्या धंद्यात काम करतात." ते हसले. "तेवढं काय कामात धरता व्हय?" काकू काही बोलल्या नाहीत. धाकटी म्हणाली, "माझं पण लिवा की मग." लिहिता येत नव्हतं. माझ्या टॅबवर तिचं कुटुंब नुसतं दिसतं, बदलता येत नाही.

याच घरांच्या पुढच्या फेऱ्या व्हायच्या आहेत, कारण त्याच कुटुंबांना ठरावीक अंतरानं पुन्हा विचारायचं असतं. परवा नवी वाटणी लागली. दोन्ही चुली सहकाऱ्याकडं गेल्यात. पुढची फेरी बहुधा फोनवर होईल, आणि कुटुंबाच्या नावापुढं नंबर थोरल्यांचा आहे. शेऱ्यात मी लिहून ठेवलंय की उत्तरं बाईंकडून घ्यावीत, त्याला तोंडीही सांगितलंय, आणि तो "हो हो" म्हणालाय. नाहीतर काकू एका फेरीत २१ आणि पुढच्या फेरीत ९२ निघतील, आणि ऐन दिवाळीच्या ऑर्डरी चालू असताना कोल्हापूरच्या बायका काम का सोडतायत, याची कारणं कुणीतरी शोधत बसेल.