आमची वाटचाल: शिकागोतला आमचा आयरिश पब

आमच्या पबमध्ये गिनेस या काळ्या आयरिश बियरच्या नळातली चकती दर रविवारी रात्री काढून घासली जाते. पाच बारीक भोकांची ती चकती, मागे ७५ टक्के नायट्रोजन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, आणि दर दोन आठवड्यांनी धुतलेल्या लाइनी, म्हणजे बियरच्या नळ्या. फेस कसा बसणार हे इथेच ठरतं. दोन टप्प्यांत ओतायचं नाटक आता सगळेच करतात, पण चकती काढून बघा म्हटलं की शहरातले निम्मे बारमन पाना शोधायला लागतात.

हे सगळं मला शिकवलं माझ्या पार्टनरने. तो आयर्लंडमधल्या काउंटी मेयोचा. भांडवल माझं आणि हात त्याचे, असं लोक म्हणायचे. ते अर्धंच खरं, कारण तळघरातून केग, म्हणजे बियरची पिंपं, मीही चढवलेत. सांगलीत आमच्या घरची खानावळ होती. जेवायला बसलेल्या माणसाचं नाव, त्याचं गाव आणि त्याला भाजी तिखट चालते का, हे लक्षात ठेवायची सवय मी तिथून आणली. पार्टनर म्हणायचा, मेयोतल्या पबमध्येही हेच करतात, बाकी सगळं फर्निचर.

फर्निचरवरून आठवलं. आमच्यापासून दोन चौकांवर एक मोठा पब उघडला. लाकूडकाम, पाट्या, जुन्या बाटल्या, सगळं आयर्लंडहून कंटेनरने आलेलं. त्याला माझी हरकत नाही. १९९० नंतर जगभर कितीतरी पब असेच बसवले गेले आणि त्यातले काही चांगलेही चालतात. त्या पबवाल्यांनी आमचा बारमन जास्त पगारावर नेला, मग फिडलवाला, म्हणजे व्हायोलिन वाजवणारा, नेला. धंद्यात हेही चालतं. पण त्यांचा मॅनेजर गिऱ्हाइकांना सांगत फिरला, "तिकडे जाऊ नका, मालक इंडियन आहे, करी खायला घालतो." हे मी विसरलेलो नाही.

करी आम्ही खायला घालतोच. आयर्लंडमधल्या चिप्सच्या दुकानात रात्री पब सुटल्यावर जा, गरम चिप्सवर करी सॉस ओतून घेणारी रांग दिसेल. उलट त्या पबचा मानाचा पदार्थ, कॉर्न्ड बीफ (मिठात मुरवलेलं गोमांस) आणि कोबी, हे अमेरिकेत येऊन स्थिरावलेल्या आयरिश लोकांचं जेवण. आयर्लंडमध्ये कोबी बेकनबरोबर शिजतो. आणि मार्चमध्ये, सेंट पॅट्रिक या आयरिश संताच्या सणाला, बियरमध्ये हिरवा रंग घालणाऱ्यांनी आम्हाला अस्सलपणा शिकवू नये.

पुढची वर्षं नीट गेली. मग २०२० आलं.

आमच्या धंद्यात सेंट पॅट्रिकचा आठवडा म्हणजे दिवाळी. इलिनॉयमध्ये, म्हणजे आमच्या राज्यात, पबला बियर रोखीनेच घ्यावी लागते, उधारी चालत नाही. त्यामुळे आमची सगळी रोकड कूलरमध्ये केगच्या रूपात उभी होती. ११ मार्चला सणाची परेड पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. १५ तारखेला, रविवारी, राज्याचा हुकूम आला: १६च्या रात्रीपासून बार आणि रेस्टॉरंटमध्ये बसून खाणंपिणं बंद. १७ मार्चला, ऐन सणाच्या दिवशी, आम्ही खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवल्या होत्या. जागामालकाने भाड्यात एक डॉलर सोडला नाही. ज्या बँकेत इतकी वर्षं गल्ला भरला, तिने कर्जाच्या अर्जाला उत्तरसुद्धा दिलं नाही.

आम्हाला वाचवलं एका गिऱ्हाइकाने. निवृत्त प्लंबर, बारच्या डाव्या टोकाचं स्टूल त्यांचं. या सणाला शिकागो नदी १९६२पासून हिरवी करतात ती प्लंबरांच्या युनियनची माणसं. गळती शोधायला वापरतात त्या रंगावरून ती कल्पना निघाली. त्या वर्षी नदीही हिरवी झाली नाही. हे गृहस्थ दारात आले, मास्क लावून, पाकीट पुढे केलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षभराचं माझं बिल आत्ताच घे." मग स्वतः फोन करून आपल्या ओळखीच्यांना तसंच करायला लावलं. त्या पैशांतून दोन महिन्यांचं भाडं गेलं. लाइनी सुकू नयेत म्हणून ते आठवड्याला येऊन पाणी सोडून जायचे, पार्टनर दहा फुटांवर उभा राहून त्यांच्याशी हर्लिंग या आयरिश खेळावरून वाद घालायचा.

या धंद्यात नवीन येणाऱ्या लोकांना चार गोष्टी सांगतो. ५६८ मिलीचाच, म्हणजे आयरिश पाइंटचा, ग्लास ठेवा, ४७३ मिलीच्या अमेरिकन पाइंटवर पैसे वाचवू नका. तो ग्लास दुधाच्या भांड्यांबरोबर कधीही धुऊ नका, स्निग्धपणा राहिला की फेस मरतो. वादकांना स्टेज आणि माइक देऊ नका, कोपऱ्यातलं टेबल द्या आणि त्यांची पहिली फेरी तुमच्याकडून. या शहराचा पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील याने आयरिश चाली गोळा करून १९०३मध्ये १,८५० चालींचं पुस्तक छापलं. त्यातल्या कितीतरी अशाच खोल्यांत बसलेल्या वादकांकडून ऐकलेल्या. टीव्ही बंद ठेवा. ऑल-आयर्लंड फायनलला, म्हणजे आयरिश खेळांच्या अंतिम सामन्याला, मात्र सकाळी नऊला दार उघडा, कारण डब्लिन आपल्या सहा तास पुढे असतं.

तो कंटेनरचा पब २०२१मध्ये बंद झाला. फिडलवाला परत आला, बारमनही आला, दोघांनाही घेतलं. पार्टनर आता मेयोला असतो, हिशेब दर महिन्याला मागतो. जागेचा करार गेल्या वर्षी नवा केला आणि मेनूही नव्याने छापला. करी चिप्स त्यात पहिल्या ओळीत आहेत.