सिंगापूर एका दिवसात: सकाळी देवळं-मशिदी, दुपारी म्युझियम, संध्याकाळी खाडी

सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम १३७ किलोमीटरवर आहे. त्यामुळे इथे महिना बघून नाही, तास बघून फिरावं लागतं. वर्षभर सूर्य सकाळी सातच्या आसपास उगवतो, संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतो आणि दुपारचा पारा ३१ ते ३३ अंशांवर असतो. नागपूरच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण इथल्या हवेत ओल इतकी की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. विदर्भातल्या उन्हात सावलीला गेलं की जीव निवतो, इथे सावलीत उभं राहूनही घाम निथळतच असतो. म्हणून विसावा घ्यायचा तो एसीत, झाडाखाली नाही.

पाहुण्यांना फिरवताना मी दिवस दोन गोष्टींवर बांधते: ऊन कधी चढतं आणि देवळं-मशिदी कधी बंद होतात. यादीतली ठिकाणं नकाशावर जवळजवळ दिसली म्हणून एकापाठोपाठ घेतली, तर भर बाराला मरिना बेच्या उघड्या फरशीवर पाय भाजतात आणि दीड वाजता देवळाचं दार बंद मिळतं. खालचा क्रम पाळला तर लिटल इंडिया, कम्पोंग ग्लाम, चायनाटाउन आणि नदीकाठ, चारही एका दिवसात न दमता होतात.

आदल्या रात्रीची तयारी थोडीच. मेट्रोला इथे एमआरटी म्हणतात. तिकीट काढायची गरज नाही, व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅप करता येणारं बँक कार्ड गेटवर टेकवलं की काम झालं. परदेशी बँकेच्या कार्डावर मात्र ज्या दिवशी प्रवास कराल त्या दिवसाचे ६० सेंट वेगळे लागतात. प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतंत्र कार्ड हवं, एकाच कार्डावर दोघं आत जाऊ शकत नाहीत. आत शिरताना फोन टेकवला आणि बाहेर पडताना पाकिटातलं कार्ड, तर यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी कार्डं होतात आणि भाड्याचा घोळ होतो. बसमध्ये उतरतानाही टॅप करायचं. ते राहिलं तर शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं कापलं जातं. एमआरटीत खाणं-पिणं मना आहे, त्यात पाण्याचा घोटही आला, आणि दंड ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत होऊ शकतो. पाणी गेटच्या आधी पिऊन घ्या.

कपडे सैल आणि गुडघ्याखाली येणारे, खांदे झाकणारे. दिवसभरात बरीच देवळं-मशिदी आहेत, त्यामुळे चपला सहज निघणाऱ्या असाव्यात. जाड जीन्स नको, एकदा भिजली की दिवसभर ओलीच राहते. मांड्या घासण्याचा त्रास ज्यांना होतो त्यांनी घरूनच व्हॅसलीन लावून निघावं, कारण अकरानंतर ते लावून उपयोग नसतो. रेनकोटाऐवजी छत्री घ्या. रेनकोटाच्या आत पावसाइतकाच घाम येतो, आणि छत्री उन्हालाही चालते. एक लिटरची बाटली पुरते, कारण इथलं नळाचं पाणी थेट पिता येतं आणि ती वाटेत भरता येते. नुसतं पाणी ढोसू नका. दुपारपर्यंत मीठ-साखरेचं एक पाकीट पोटात जायला हवं, नाहीतर चारच्या सुमारास डोकं धरतं.

साडेसातला लिटल इंडिया स्टेशनवर उतरा. बाहेर पडलं की समोरच टेक्का सेंटर: तळमजल्यावर भाजी-मासळीचा बाजार आणि खाण्याचे गाळे, वर कपड्यांची दुकानं. बाजारात शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता, केळफूल आणि त्याच रांगेत चिनी पालेभाज्या, मलेशियातून आलेली फळं. न्याहारीला डोसा किंवा अप्पम घ्या, नाहीतर प्राटा, म्हणजे आपल्या मलबारी परोट्याचाच भाऊ. साधा हवा तर 'प्राटा कोसोंग' म्हणायचं. शाकाहारी मंडळींनी एवढं ध्यानात ठेवावं की प्राट्यासोबत न मागता येणारी करी बहुधा माशाची किंवा मटणाची असते. मागतानाच 'दाल' म्हणून सांगा, नंतर बदलून मागायला गेलं तर वाटी आधीच भरलेली असते.

चहा मागताना नुसतं 'ते' म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्कचा गोडमिट्ट चहा येतो. 'ते सी' म्हटलं तर आटवलेलं दूध आणि साखर, 'ते ओ' म्हणजे बिनदुधाचा. पुढे 'सिऊ दाई' जोडलं की साखर कमी, 'कोसोंग' जोडलं की साखर नाहीच, 'पेंग' म्हटलं की बर्फ. आपल्या चवीला 'ते सी सिऊ दाई' सगळ्यात जवळचा. पुढचे शब्द तेच ठेवून हीच पद्धत कॉफीला, फक्त 'ते'च्या जागी 'कोपी'. खाऊन झालं की ताट स्वतः परत ठेवायचं. १ सप्टेंबर २०२१पासून हा कायदाच आहे. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा धरलेली आहे असं समजा आणि तिथे बसू नका.

सेरंगून रोडवरच्या श्री वीरमाकालीअम्मन देवळात साडेआठ-नऊला जा. तेव्हा अंगणातली फरशी अनवाणी चालण्याजोगी असते. तिथून डनलॉप स्ट्रीटवरची अब्दुल गफूर मशीद काही मिनिटांवर. तिच्या मुख्य दारावर सूर्यासारखं एक वर्तुळ कोरलंय, त्याला २५ किरण आणि प्रत्येक किरणात एका पैगंबराचं नाव. मान वर करून पाहिलं नाही तर माणूस त्याखालून तसाच निघून जातो. केरबाऊ रोडवरचं तान तेंग निया यांचं १९०० सालचं रंगीबेरंगी घर हे या वस्तीत उरलेलं एकमेव जुनं चिनी घर. मुस्तफा या भल्यामोठ्या दुकानातली खरेदी मात्र या दिवसात घुसवू नका. आत शिरलं की दोन तास गेलेच, आणि पिशव्या दिवसभर वागवाव्या लागतात.

पुढचा टप्पा कम्पोंग ग्लाम, निळ्या डाउनटाउन लाइनवर दुसरं स्टेशन, बुगिस. चालत वीस मिनिटांचं अंतर आहे, पण घाम पुढच्यासाठी राखून ठेवावा. सुलतान मशीद पाहुण्यांसाठी सकाळी १० ते १२ आणि दुपारी २ ते ४ उघडी असते, शुक्रवारी नाही. म्हणून हा सगळा बेत शुक्रवारी आखू नये. कपडे तोकडे असतील तर अंगावर घ्यायला झगा तिथेच मिळतो. नमाजाच्या मुख्य जागेत जाता येत नाही, कडेने बघायचं. आजची इमारत १९३२ची, स्वान अँड मॅक्लारेन कंपनीचा वास्तुविशारद डेनिस सँट्री याने आखलेली. सोनेरी घुमटाच्या बुडाशी एक काळसर पट्टा दिसतो, तो काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे. श्रीमंतांनी पैसे दिले, गरिबांकडून बाटल्या घेतल्या, म्हणजे बांधकामात त्यांचाही वाटा राहिला. बसोरा स्ट्रीटवरून मागे वळून बघितलं की तो पट्टा नीट दिसतो. माझ्या मते या शहरातली सगळ्यात सुंदर वास्तू हीच.

पावणेअकराला तिथून निघालंच पाहिजे, कारण चायनाटाउनमधलं श्री मारिअम्मन देऊळ बाराला बंद होतं ते थेट संध्याकाळी सहाला उघडतं. बुगिसहून त्याच निळ्या लाइनवर पाचवं स्टेशन चायनाटाउन. हे सिंगापुरातलं सगळ्यात जुनं हिंदू देऊळ, १८२७चं. १८१९मध्ये, इथे इंग्रजांचं ठाणं वसवणाऱ्या रॅफल्सबरोबर पेनांगहून आलेल्या नारायण पिल्लै यांनी उभारलेलं. त्याच साउथ ब्रिज रोडवर जामे मशीद आणि २००७मध्ये उघडलेलं बुद्धाच्या दाताचं मंदिर, सगळं पाच-सात मिनिटांच्या चालीत.

जेवण साडेअकरालाच उरका. बारा ते दीड आसपासच्या ऑफिसांतली माणसं मॅक्सवेल फूड सेंटरवर लोटतात आणि बसायला जागा मिळत नाही. पाच ते सात डॉलरमध्ये पोटभर होतं, सुटे पैसे जवळ असलेले बरे. शाकाहारींनी इथे डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. पोपिया म्हणजे पातळ पोळीची गुंडाळी, तिच्यात भाजीच दिसते, पण बहुधा सुकट घातलेली असते. लाक्सा या नारळाच्या दुधातल्या शेवयांतून कोलंबी काढायला सांगितली तरी मसाल्यात बेलाचान असतो, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याची वडी. चार क्वे तेओ, म्हणजे तांदळाच्या रुंद शेवया, बहुधा डुकराच्या चरबीत परततात. सुरक्षित पर्याय म्हणजे बौद्ध पद्धतीचे चिनी शाकाहारी गाळे. तिथे कांदा-लसूणही वापरत नाहीत, त्यामुळे जैन मंडळींचीही सोय बऱ्यापैकी होते. अंडं चालत नसेल तर ते मात्र विचारून घ्या. मटणासारखं दिसणारं काही ताटात आलं तर दचकू नका, ते सोयाबीनचं किंवा गव्हाच्या चिकाचं असतं.

जेवणानंतर ॲन सियांग हिलवरून तेलोक आयर स्ट्रीटला उतरा. इथे थोडं थांबण्यासारखं आहे. आज दोन्ही बाजूंना उंच इमारती दिसतात, पण भराव घालण्याआधी हा रस्ता म्हणजे समुद्रकिनारा होता. दक्षिण चीनमधून आणि तमिळ किनाऱ्यावरून आलेली माणसं इथेच बोटीतून उतरायची, आणि सुखरूप पोचल्याबद्दल पहिला नमस्कार करायला त्यांनी इथेच देवस्थानं बांधली. होक्कियन चिन्यांनी १८३९ ते १८४२मध्ये थियान हॉक केंग बांधलं, दर्यावर्दी लोकांची देवी माझू हिचं देऊळ. काही पावलांवर नागपट्टिनमच्या बाजूने आलेल्या चुलिया मुसलमानांचा नागोर दर्गा, त्याहूनही थोडा जुना. एकाच फुटपाथवर चिनी आणि तमिळ मुसलमान शेजारी का, याचं उत्तर जुन्या किनारपट्टीत आहे. थियान हॉक केंगच्या लाकडी छताला खिळे वापरलेले नाहीत. आत शिरल्यावर तुळया एकमेकींत कशा अडकवल्यात ते बघा. या भागात चालताना रस्ता सोडून दुकानांपुढच्या आच्छादित व्हरांड्यातून चाला. दुकानापुढे अशी वाट सोडायची ही अट १८२२च्या नगररचनेपासूनची आहे, आणि ऊन-पाऊस दोन्हीपासून तीच वाचवते.

एकपासून चारपर्यंत बाहेर राहू नये. मेघगर्जनेचा पाऊस येतो तोही बहुधा याच वेळात. रॅफल्स प्लेसमार्गे नदीवरचा १८६९चा कॅव्हेनाग पूल ओलांडून एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियममध्ये जा. पुलाच्या तोंडाशी जुनी पाटी अजून आहे: तीन हंड्रेडवेटपेक्षा, म्हणजे सुमारे दीडशे किलोपेक्षा, जड गाड्यांना आणि गुराढोरांना, घोड्यांना बंदी. म्युझियमला तिकीट आहे आणि ते वसूल होतं. इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ १९९८मध्ये सापडलेल्या नवव्या शतकातल्या जहाजावरची चिनी मातीची भांडी इथे आहेत. अरबस्तानाकडे निघालेला तो माल होता, आणि या बंदराला चारी दिशांची माणसं का आली हे त्या एका दालनात कळतं. आतली एसी कडक असते. ओल्या सदऱ्याने थेट झोताखाली बसू नका, अंगावर ओढणी किंवा पातळ जाकीट घ्या. बाहेर पडताना कॅमेऱ्याचं भिंग धुकटतं, म्हणून तो दहा-पंधरा मिनिटं पिशवीतच राहू द्यावा, पुसत बसू नये.

पाचला बाहेर पडून पाडांगच्या मैदानाकडे वळा. ५ जुलै १९४३ला नेताजींनी आझाद हिंद सेनेची पाहणी केली ती याच मैदानावर. समोरच्या एस्प्लनेड पार्कमध्ये त्या सेनेच्या हुतात्म्यांचं स्मारक होतं, त्यावर 'इत्तेफाक, एतमाद, कुर्बानी' (एकजूट, विश्वास, बलिदान) हे सेनेचं ब्रीद होतं. इंग्रजांनी परतल्यावर ते पाडलं. १९९५मध्ये त्या जागी छोटी खूण उभी केली. पर्यटकांच्या यादीत ही जागा क्वचितच असते. आपल्या माणसांनी तिथे पाच मिनिटं उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

तिथून हेलिक्स पुलावरून खाडी ओलांडली की मरिना बे सँड्स हे हॉटेल आणि त्यामागे गार्डन्स बाय द बे ही बाग. तिथल्या सुपरट्रींचा, म्हणजे झाडासारख्या उंच मनोऱ्यांचा, दिव्यांचा खेळ फुकट आहे, ७:४५ आणि ८:४५ला. पहिला धरा. झाडांखालच्या फरशीवर आडवं पडून पाहणं सगळ्यात सोपं, मान अवघडत नाही. वीज चमकत असेल तर वरचा झुलता मार्ग बंद ठेवतात, म्हणून त्याचं तिकीट आधी काढून ठेवू नका. खेळ संपल्यावर सँड्सच्या समोरच्या बाजूला चालत जाऊन नऊचा पाण्याचा खेळ मिळतो. तो सुटला की बेफ्रंट स्टेशनच्या जिन्यांवर एकदम गर्दी उसळते. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर वीस मिनिटं पाण्याकाठीच बसून राहा, मग गाडीत बसायला जागाही मिळते.