पिवळीच्या माहेरी

२०१८ साली ब्रिटनने मला व्हिसा नाकारल्याचं पत्र मी अजून फायलीत जपून ठेवलं आहे. खात्यातले पैसे अर्जदाराचेच आहेत याची खात्री पटत नाही, आणि भेट संपल्यावर ती भारतात परतेल असंही वाटत नाही, एवढाच त्यातला मतलब. पावसच्या बाजूला आमची हापूसची बाग आहे. मोहोर धरल्यापासून आंबा उतरेपर्यंत मी सणालासुद्धा माहेरी मुक्काम करत नाही. पण हे त्या अधिकाऱ्याला कळणार कुठून? मी दिलेल्या कागदांत ते कुठेच नव्हतं.

मला जायचं होतं स्कॉटलंडला, गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांच्या मेळाव्याला. आमची पिवळी गोल्डन आहे. २०१६ च्या अखेरीस भावाने पुण्याहून आणून दिली, तेव्हा दोन महिन्यांची होती. आम्ही नाव शोधत बसलो आणि सासूबाईंनी रंग बघून पिवळी म्हणायला सुरुवातही केली. तेच राहिलं. माझी कॉलेजातली मैत्रीण नर्स आहे. लग्नानंतर ती इन्व्हरनेसला स्थायिक झाली. तिच्याकडेही गोल्डन आहे, ब्रॅकन नावाचा. तिच्या घरापासून साधारण पन्नास किलोमीटरवर गुईशाखन नावाची जुनी इस्टेट आहे आणि या जातीची सुरुवात तिथेच झाली. दर पाच वर्षांनी जगभरातून माणसं तिथे जमतात. २०१८ च्या जुलैत एका हिरवळीवर ३६१ गोल्डन एकत्र आले होते. मैत्रिणीने पाठवलेला फोटो मी लावणीच्या चिखलात उभी राहून पाहिला. पुढचा मेळावा २०२३ मध्ये. पाच वर्षं म्हणजे गोल्डनच्या आयुष्याचा जवळजवळ अर्धा भाग. पिवळी तोपर्यंत सहा वर्षांची होऊन जाणार होती, हा विचार तेव्हा फार टोचला.

पहिल्या वेळी चूक झाली ती सांगते, कारण बागायतदारांच्या घरातून परदेशी जाणाऱ्या पुष्कळ जणांकडून तीच होते. आम्ही एका एजंटाकडे गेलो. तो म्हणाला, खातं भरलेलं दिसलं पाहिजे. म्हणून दिरांचे चार लाख आठ दिवसांसाठी माझ्या खात्यात आले. अर्ज त्यानेच भरला, व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती’ एवढाच शब्द. तिकडे बसलेल्या माणसाला काय दिसलं असेल? सहा महिने खात्यात जेमतेम शिल्लक, आणि अर्जाच्या तोंडावर अचानक चार लाख. त्याच्या जागी मी असते तर मलाही शंका आली असती. ब्रिटनच्या भेटीच्या व्हिसाला नकार मिळाला तर अपील नाही आणि भरलेली फीही परत मिळत नाही. नव्याने अर्ज करायचा, एवढाच मार्ग.

२०२३ ला अर्ज मी स्वतः भरला. प्रवासाच्या आधी तीन महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात निघायचं, म्हणजे एप्रिल. नेमका आंबा ऐन भरात. दिवसभर आढीत आणि पेट्यांत, रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉप. सहा महिन्यांच्या भेटीच्या व्हिसाची फी तेव्हा शंभर पौंड होती, आता वाढली आहे. एवढ्या मुदतीसाठी क्षयाची तपासणी लागत नाही, तो एक खर्च वाचतो. पूर्वी कधी व्हिसा नाकारला आहे का, हा प्रश्न अर्जात असतोच. तिथे मी होय लिहिलं आणि चार लाखांची गोष्ट होती तशी लिहून टाकली. घरी यजमान घाबरले होते. पण लपवलं आणि सापडलं तर पुढची कित्येक वर्षं दार बंद होतं, आणि त्यांच्या दप्तरी नोंद असतेच.

खरी मेहनत पैशांचा हिशेब मांडण्यात गेली. नोकरदाराच्या खात्यात दर महिन्याला पगार येतो. आमचं तसं नसतं. पावसाळा सरला की खात्यातून पैसे जायला लागतात: फवारणी, राखण, मजुरी, पेट्या, पेंढा. मार्चअखेरपर्यंत खातं कोरडं. मग एप्रिल-मे मध्ये वाशीच्या दलालाकडून रकमा येतात, आणि त्यावर वर्ष काढायचं. शिवाय शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून विवरणपत्रात कर जवळजवळ शून्य. कोकणातल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. तिकडच्या माणसाला मात्र पहिल्यापासून सांगावं लागतं.

मी दीड पानाचं पत्र लिहिलं. कुठल्या महिन्यात काय खर्च होतो, पैसा कधी येतो, कोण पाठवतं, सगळं. सहा महिन्यांऐवजी दोन वर्षांची बँक स्टेटमेंट जोडली आणि त्यातली प्रत्येक मोठी जमा पेन्सिलने क्रमांक घालून दलालाच्या पट्टीशी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदाशी, जुळवली. कॅनिंगला गेलेल्या आंब्याच्या पावत्याही लावल्या. सातबाऱ्यावर माझं नाव आहे. सातबारा आणि पट्ट्या मराठीत, म्हणून त्यांचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, भाषांतरकाराची सही, तारीख आणि भाषांतर अचूक असल्याचं विधान याच्यासकट. तिकिटाचा खर्च मी करणार, राहणं-जेवण मैत्रिणीकडे, हे तिच्या पत्रात आणि माझ्या पत्रात एकसारखं आलं पाहिजे, हेही पाहिलं. अठरा दिवसांनी का परतणार, तर पावसाळ्यात बागेची बेणणी आणि खतं असतात म्हणून. खात्यात उसना रुपयाही आणला नाही.

बोटांचे ठसे द्यायला मुंबईच्या केंद्रात जायचं होतं, मे च्या दुसऱ्या आठवड्यात. कोकणकन्येने रात्री निघाले, पहाटे दादरला उतरले. ठसे घेताना मशीन माझी बोटंच ओळखेना. आंबा उतरवून देठ मोडताना चीक उडतो आणि कातडी भाजते. त्या आठवड्यात माझ्या उजव्या अंगठ्याची आणि पहिल्या दोन बोटांची साल गेलेली होती, वर काळे डाग. काचेवर बोट ठेवायचं, लाल दिवा लागायचा. तिथली मुलगी पंचविशीची असेल. तिने माझा हात उलटा करून पाहिला आणि विचारलं, “काकी, हे कशाने झालं?” आंब्याच्या चिकाने म्हटल्यावर ती म्हणाली, “आमचं राजापूर.” मग ओला टिश्यू दिला, बोटं पुसून, थोडं थांबून, एकेक बोट स्वतः हलकं दाबून धरलं. चौथ्या खेपेला हिरवा दिवा लागला. ज्यांना याच दिवसांत जायचं असेल त्यांनी आठ-दहा दिवस आधीपासून हातमोजे घालून काम करावं आणि रात्री बोटांना खोबरेल चोळावं. मला हे आधी सुचलं नाही.

तीन आठवड्यांनी कुरियरने पासपोर्ट आला. पाकीट यजमानांनीच फोडलं, माझे हात थरथरत होते. आत व्हिसाचा स्टिकर होता.

पिवळीला नेता येईल का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. भारतातून ब्रिटनला कुत्रा न्यायचा तर मायक्रोचिप, रेबीजची लस, लशीनंतर किमान तीस दिवसांनी रक्ततपासणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं. पोचण्याच्या एक ते पाच दिवस आधी जंताचं औषध. आणि विमानात आपल्याजवळ नाही, मालाच्या कप्प्यात. घर बदलून जाणाऱ्यांनी हे करावं. अठरा दिवसांच्या हौसेसाठी तिला इतके तास पिंजऱ्यात घालणं मला पटलं नाही. ती यजमान आणि सासूबाईंजवळ राहिली.

निघताना सासूबाई म्हणाल्या, “पिवळीच्या माहेरी चाललीस गो, रिकाम्या हाताने जाऊ नकोस.” दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत, म्हणून पेढे राहिले. आंबापोळी, फणसपोळी, कोकमाचं आगळ आणि कुळथाचं पीठ घेतलं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, कुठे दरड आली की तेही कोलमडतं, आणि रस्त्याने जावं तर परशुराम घाटाची धास्ती. म्हणून विमानाच्या दोन दिवस आधीच मुंबई गाठली.

लंडनच्या विमानतळावर अधिकाऱ्याने येण्याचं कारण विचारलं. मी सांगितलं, मैत्रिणीला भेटायला आणि कुत्र्यांच्या मेळाव्याला. त्याने पुन्हा विचारलं, कुठल्या कुत्र्यांच्या? मी पिवळीचा फोटो दाखवला. त्याने तो नीट पाहिला आणि शिक्का मारला. संध्याकाळी यूस्टन स्टेशनवरून रात्रीची गाडी घेतली. ती सकाळी इन्व्हरनेसला पोचते. बर्थ महाग म्हणून बसून गेले. फलाटावर मैत्रीण आणि ब्रॅकन. बारा वर्षांनी भेटत होतो. ती रडत होती आणि ब्रॅकन माझ्या बॅगेतली फणसपोळी हुंगत होता.

गुईशाखनला जाताना लॉख नेस हे सरोवर लागतं, मग कॅनिक, मग टोमिच नावाचं छोटं गाव. शेवटचा रस्ता एकाच गाडीपुरता, समोरून कुणी आलं तर बाजूच्या फुगवट्यात थांबायचं. अगदी आमच्या वाडीत उतरल्यासारखं. गेलिक भाषेत गुईशाखन म्हणजे पाइनच्या झाडांची जागा. जुन्या वाड्याच्या आता नुसत्या भिंती उभ्या आहेत, वर छप्पर नाही. जुलैत तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो, आणि वारा पडला की बारीक चावरी चिलटं अंगावर येतात. पूर्ण बाह्यांचे कपडे न्यावेत.

गुईशाखनचे तेव्हाचे मालक डडली मार्जोरीबँक्स, पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ, यांनी १८६५ साली ब्रायटनमध्ये नूस नावाचा पिवळा कुत्रा घेतला. बेल नावाची ट्वीड वॉटर स्पॅनियल कुत्री त्याला जोडून १८६८ मध्ये पिल्लं झाली. ती स्पॅनियलची जात आता उरलेली नाही. पिल्लांपैकी तिघांची नावं प्रिमरोज, क्रोकस आणि काउस्लिप. मैत्रिणीने वाटेत कुंपणाकडेची काउस्लिपची पानं दाखवली, फुलं वसंतातच होऊन गेलेली. म्हणाली, “ही पिवळी फुलतात.” म्हणजे त्यांनीही रंग बघूनच नावं ठेवली होती. इतकंच नव्हे, ब्रिटनमध्ये कुत्र्यांच्या जाती नोंदवणाऱ्या केनेल क्लबच्या दप्तरातही सुरुवातीला ‘पिवळा किंवा सोनेरी’ असे दोन्ही शब्द होते. त्या रात्री मी सासूबाईंना फोन करून हे सांगितलं.

ही वंशावळ आज माहीत आहे ती एका हस्तलिखित नोंदवहीमुळे. सर्कशीतल्या रशियन कुत्र्यांपासून ही जात आली अशी कथा पुष्कळ वर्षं सांगितली जायची. १९५२ साली ट्वीडमाउथांच्या घरातली नोंदवही प्रसिद्ध झाली आणि कथा मागे पडली. कुणाची कोणाशी गाठ, कुणाचं पिल्लू कुणाला दिलं, सगळं त्यात आहे. पाच वर्षं सातबारा आणि पट्ट्या उराशी धरून बसलेल्या मला त्या वहीबद्दल ऐकताना भरून आलं.

१३ जुलैला हिरवळीवर ४८८ गोल्डन जमले. आकडा मी नंतर ऐकला. तिथे उभं असताना मोजायचं सुचतच नाही. साईच्या रंगापासून जुन्या तांब्याच्या रंगापर्यंत सगळ्या छटा, आणि एवढे कुत्रे असून भुंकणं फार थोडं. फोटोसाठी सगळ्यांना बसवत होते. ब्रॅकनची दोरी माझ्या हातात होती. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या कुत्रीचं तोंड पूर्ण पांढरं झालेलं. ती हळूच आडवी झाली आणि डोकं माझ्या पायावर टेकवलं. फोटो निघेपर्यंत मी पाय हलवला नाही.

तिची मालकीण सत्तरीची होती, चाळीस वर्षं गोल्डन पाळणारी. मी तिला आमचं दुखणं विचारलं: चार महिने पाऊस, पिवळीचे केस वाळत नाहीत, कातडीवर ओले चट्टे उठतात, कानाला वास येतो, उन्हाळ्यात गोचीड. केस कापून टाकावेत का? तिने माझा हात धरून कुत्रीच्या पाठीवर ठेवला आणि केस उलटे फिरवले. वरचे लांब, तेलकट, त्यावरून पाणी ओघळून जातं. आतले आखूड, कापसासारखे दाट. वर इरलं आणि आत गोधडी, असंच म्हणायला हवं. इरलं कापलं तर ऊन थेट कातडीला लागतं आणि पुढे केस नीट येत नाहीत. ओलावा अडकतो तो गोधडीत. म्हणून सुटलेले आतले केस रोज विंचरून काढायचे, आणि पुसताना वरून न पुसता केस उलटे करून मुळापर्यंत कोरडं करायचं. पोहून आल्यावर कानही लगेच पुसायचे. आम्ही सहा वर्षं जुन्या लुगड्याने वरवर पुसत होतो. तिने मला तिच्या पिशवीतला लोखंडी दातांचा फणा दिला, पैसे घेतले नाहीत. मी तिला आंबापोळी दिली.

दुसऱ्या दिवशी नदीत ब्रॅकनला पोहताना पाहिलं. पाणी इतकं गार की माझी घोट्यांपर्यंतची पावलं बधिर झाली. तो मात्र तोंडात काठी घेऊन सरळ रेषेत, शेपूट सुकाणूसारखी मागे धरून परत यायचा. पिवळी पऱ्यात, म्हणजे आमच्या ओढ्यात, अशीच येते, नारळाची सोडणं तोंडात घेऊन. ती असं का करते ते मला तिथे कळलं: तोंडात धरून आणणं या जातीच्या रक्तातच आहे.

घरी पोचले तेव्हा पाऊस कोसळत होता. पिवळीने माझे बूट आणि पॅंटचा काठ कितीतरी वेळ हुंगला. मी कपडेही न बदलता पडवीत चिऱ्यावर बसले, फणा काढला आणि तिचे केस उलटे करून विंचरायला घेतले. आतून ओलसर पिवळ्या केसांचा ढीग निघाला, सुपलीभर. सासूबाई मोबाईल जवळ धरून मेळाव्याचा फोटो बघत होत्या. “यातली आपली कुठली?” त्यांनी विचारलं. आपली इथेच होती ना आई, असं मी म्हणेपर्यंत त्यांनी बोटाने फोटो मोठा केला, एकेका ओळीवरून सरकवत नेला आणि डावीकडच्या तिसऱ्या ओळीत एका ठिकाणी थांबवला. “ही बघ,” म्हणाल्या, “कान तस्सेच.”