गिझर नवा, पण धुराचं काय?

आज एका फ्लॅटमधला जुना गॅस गिझर बदलला. ज्योत पिवळी, आत काजळीचा थर. म्हणजे जळायला हवाच पुरत नव्हती. बाथरूमची खिडकी बंद आणि धुराचा पाइप लावलेलाच नाही. कार्बन मोनॉक्साइड साठतो तो असाच. ना रंग ना वास, माणूस अंघोळ करता करता कोसळतो.

नवा गिझर ड्राय बाल्कनीत टांगला, आत फक्त गरम पाण्याची लाइन नेली. बाहेर तेवढी जागा नसेल आणि गिझर आतच लावायचा, तर धुराचा पाइप धातूचाच आणि कॉलरच्या (गिझरवरच्या धूर निघायच्या गोल तोंडाच्या) मापाचाच हवा. पीव्हीसी वितळतो. कॉलरवरून आधी सरळ वर, मग बाहेर. आडवा भाग चढता, एल्बो (वळणाचे जोड) कमीत कमी, टोकाला टोपी. खोलीत एक्झॉस्ट फॅन असेल आणि दाराला खाली हवा यायला जाळी नसेल, तर फॅन पाइपमधला धूरच आत ओढतो. हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

सिलिंडर की पाइप गॅस, हे घेतानाच सांगा. जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक छिद्रं, दोन्हींची वेगळी असतात. गॅसचे जोड गळतात का ते साबणाच्या पाण्याने तपासायचं, काडी पेटवून नव्हे (लोक करतात!). आणि ठिणगी पडत नसेल तर आधी सेल बदलून बघा, मग फोन करा.