डेबियनवर टीएसएम क्लायंट

आजचा दिवस डेबियन सर्व्हरवर टीएसएमचा (आयबीएमचं बॅकअप सॉफ्टवेअर, 'टिव्होली स्टोरेज मॅनेजर' हे त्याचं जुनं नाव) बॅकअप क्लायंट बसवण्यात गेला. डेबियनला अधिकृत सपोर्ट नाही, पण उबुंटूसाठीची डेब पॅकेजेस चालतात. रेड हॅटसाठीची आरपीएम पॅकेजेस 'एलियन' या टूलने डेबमध्ये बदलत बसू नका.

क्रम महत्त्वाचा: आधी जीएसकिटची (आयबीएमची एन्क्रिप्शन लायब्ररी) दोन पॅकेजेस (क्रिप्ट, मग एसएसएल), नंतर एपीआय, शेवटी बीए (बॅकअप-अर्काइव्ह) क्लायंट. तरीही डीएसएमसी (क्लायंटची कमांड) सुरू होताना लायब्ररी सापडत नाही म्हणालं, तर त्या बायनरीवर 'एलडीडी' (लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड) चालवा आणि 'नॉट फाउंड' लिहिलेल्या ओळी बघा. बहुतेक वेळा जीएसकिट किंवा एपीआयचं फोल्डर लोडरला (प्रोग्रामसाठी लायब्ररी शोधून जोडणारा सिस्टिमचा भाग) माहीत नसतं. त्यांचे पाथ एलडी.एसओ.कॉन्फ.डी मधल्या नव्या फाइलीत टाकून 'एलडीकॉन्फिग' चालवलं की काम होतं.

तक्रार जीलिबसीच्या (लिनक्सची मूळ सी लायब्ररी, म्हणजेच लिबसी) आवृत्तीची असेल तर प्रकरण वेगळं. दुसऱ्या मशीनवरची नवी लिबसी कॉपी करून टाकण्याचा मोह कृपया आवरा, अख्खी सिस्टिम बसते. अशा वेळी क्लायंटचीच जुनी आवृत्ती घ्यावी. सर्व्हरला ती चालते का, एवढं आधी बघायचं.

डीएसएम.सिस या सेटिंगच्या फाइलीत टीएसएम सर्व्हरचा पत्ता, पोर्ट (मूळ १५००), नोडचं (सर्व्हरवर नोंदवलेल्या आपल्या मशीनचं) नाव आणि 'पासवर्डअ‍ॅक्सेस जनरेट'. पहिलं लॉगिन रूट म्हणूनच करा, म्हणजे पासवर्ड साठवला जातो; नाहीतर रात्रीचा शेड्यूल पासवर्डवर अडतो आणि सकाळपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही.

इन्क्रिमेंटल बॅकअप झाल्यावर एक फाइल वेगळ्या फोल्डरात रिस्टोअर करून मूळ फाइलीशी चेकसम जुळवा. मालकी आणि परमिशनही तपासा.